डेक्कन कॉलेजची दगडी इमारत आणि सोलापूरचे दुरुस्तीकाम

पुण्यात मुळा-मुठेच्या पलीकडे, येरवड्याच्या उंचवट्यावर डेक्कन कॉलेजची मुख्य इमारत उभी आहे. १८६४ साली मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी तिची कोनशिला बसवली आणि १८६८ साली कॉलेज तेथे भरू लागले. आराखडा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी इंजिनिअरचा होता. करडा-काळा दगड, टोकदार कमानी, लांब व्हरांडे, मनोरा आणि उतरते छप्पर ही तिची ठळक लक्षणे. स्थापत्याच्या पुस्तकांत या शैलीला व्हिक्टोरियन गॉथिक म्हणतात.

सोलापुरात जुन्या दगडी इमारतींची मोजणी आणि दुरुस्ती करणाऱ्यांना ही इमारत विशेष उपयोगाची आहे. सोलापूरचे वाडे, गिरण्या आणि शाळा ज्या दगडात व ज्या चुन्यात उभ्या राहिल्या, त्याच दगडाची आणि चुन्याची ही इमारत. फरक इतकाच की, सोलापुरातल्या बहुतेक वाड्यांचे ना नकाशे सापडतात ना बांधणीची साले. येरवड्याच्या इमारतीचा काळ, कर्ता आणि हेतू ठाऊक आहे. म्हणून सोलापूरच्या कामावर पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा तेथे जाऊन शोधावी लागतात. या कामातून पुन्हा पुन्हा पटणारी गोष्ट एकच: दख्खनच्या दगडी इमारतीचा दगड सहसा हरत नाही, हरतात ते तिचे सांधे, आणि सांध्यांचे नुकसान पावसापेक्षा चुकीच्या दुरुस्तीने जास्त होते.

विश्रामबागवाड्यातून येरवड्याला

इमारत १८६८ची असली तरी संस्था तिच्याहून जुनी आहे. पेशवाई संपल्यावर तीन वर्षांनी, ६ ऑक्टोबर १८२१ रोजी पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते. पेशवे विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटत, तिच्याच निधीतला काही भाग या पाठशाळेकडे वळवण्यात आला. पुढे इंग्रजी शिक्षणाची मागणी वाढली. १८५१ साली संस्कृत पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज झाले. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर पदवी परीक्षांची तयारी करून घेणारे पूर्ण कॉलेज पुण्यात हवे होते, आणि वाड्याची जागा त्याला अपुरी होती.

पैशाचा प्रश्न काही अंशी सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीने सुटला. मुळा-मुठेवरचा बंधाराही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. काळही अनुकूल होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला जाईनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत पैशाचा पूर लोटला. फ्रिअर यांच्या कारकिर्दीत मुंबई-पुण्यात सरकारी इमारतींची जी मालिका सुरू झाली, तिच्यामागे या पैशाचे वातावरण होते. गणेशखिंडीतला गव्हर्नरचा बंगला, म्हणजे आजची पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत, ससून रुग्णालय, लष्कर भागातले लाल देऊळ आणि डेक्कन कॉलेज ही सारी कामे एकाच दशकात निघाली. त्यांपैकी ससून रुग्णालय आणि लाल देऊळ हीही विल्किन्स यांचीच. मुंबईतले जुने सचिवालय आणि भुजचा प्राग महल यांचे आराखडेही त्यांच्याच नावावर आहेत.

कॉलेज शहरापासून दूर नेण्यात हेतू होता. विद्यार्थी गावातल्या घरातून येऊन-जाऊन शिकण्यापेक्षा आवारात राहून शिकावा, ही इंग्लंडच्या जुन्या विद्यापीठांची पद्धत येथे आणायची होती. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक, गोपाळ गणेश आगरकर, वि. का. राजवाडे हे सारे येथलेच विद्यार्थी. टिळक येथून बी. ए. झाले. टिळक-आगरकरांच्या शाळा काढण्याच्या चर्चा याच आवारात रंगल्या आणि त्यांतून १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल निघाले. वसतिगृहातली टिळकांची खोली आजही जतन करून ठेवलेली आहे. शिकवणाऱ्यांत फ्रान्झ कीलहॉर्न आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे संस्कृतचे पंडित होते.

सोलापूर त्या काळात

डेक्कन कॉलेजची कोनशिला बसली तेव्हा सोलापूर पुण्याला आगगाडीने जोडले जाऊन चार वर्षे झाली होती. जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग १८६० साली सोलापुरापर्यंत पोचला आणि १८७१ साली रायचूरपर्यंत पुरा झाला. गावात नगरपालिका १८५२पासून होती. १८७१ साली एकरुख तलाव पुरा झाला, १८७७ साली पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी गिरणी सुरू झाली. मात्र कॉलेज नव्हते. सोलापुरात कॉलेज येण्यासाठी १९४० साल उजाडावे लागले. त्या वर्षी दयानंद कॉलेज सुरू झाले. संगमेश्वर कॉलेज १९५३चे. म्हणजे सोलापूरला रेल्वे आल्यावर तब्बल ८० वर्षे मॅट्रिक झालेल्या मुलाला पदवीसाठी गाडीत बसण्यावाचून इलाज नव्हता. १८८२ साली सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद हेही मॅट्रिक सोलापुरात होऊन पुढच्या शिक्षणासाठी बाहेर गेले.

त्यामुळे व्हिक्टोरियन काळातली कॉलेजची इमारत सोलापुरात सापडत नाही. त्या काळच्या ज्या मोठ्या इमारती शहरात उभ्या राहिल्या त्या गिरण्यांच्या, सरकारी कचेऱ्यांच्या आणि सावकार-व्यापाऱ्यांच्या वाड्यांच्या. त्यांतला सर्वांत परिचित वाडा म्हणजे अप्पासाहेब वारद यांचे इंद्रभुवन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे काम सुरू झाले आणि नव्या शतकात ते पुरे झाले. आज तेथे महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय आहे. डेक्कन कॉलेज आणि इंद्रभुवन यांची घडण वेगळी आहे. एक सरकारी आणि साधी, दुसरी खासगी आणि सजलेली. पण दोन्हींत भार पेलते ती दगडाची जाड भिंतच, आणि त्या भिंतीला जपण्याचे नियम दोन्हीकडे तेच आहेत.

आराखडा आणि शैली

विल्किन्स यांनी इंग्लंडातली गॉथिक शैली येथे जशीच्या तशी उतरवली नाही. इंग्लंडात ऊन आत घ्यायचे असते, दख्खनमध्ये ते बाहेर ठेवायचे असते. तिकडच्या मठांत आणि कॉलेजांत आतल्या चौकाभोवती कमानींचा झाकलेला मार्ग असतो. त्यावरून धर्मगुरू आणि विद्यार्थी पावसातून सुके जात. येथे तीच कमानींची ओळ खोल्यांच्या दर्शनी बाजूला आली आणि तिचा व्हरांडा झाला. दुपारचे ऊन पहिल्यांदा व्हरांड्यावर पडते, वर्गाच्या भिंतीवर नाही. भिंत तापली नाही की खोली तापत नाही.

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो तेव्हा या मांडणीचे मोल कळते. दुरुस्तीच्या कामावर एक विनंती नेहमी येते: व्हरांडा काचेने किंवा पत्र्याने बंद करून तेवढी एक खोली वाढवून द्या. जागेची अडचण खरी असते. पण व्हरांडा बंद केला की त्याच्या मागची खोली अंधारी आणि गरम होते. मग दिवसा दिवे, मग पंखे, मग वातानुकूलन यंत्र, आणि यंत्रासाठी भिंतीला भोके. एका खोलीच्या लोभाने चार खोल्यांचा वारा जातो. मूळ आराखड्यात व्हरांडा शोभेसाठी नव्हता, हे मालकाला पटवण्यात दुरुस्तीइतकाच वेळ जातो.

उंच छत आणि खिडकीवरचे झरोके यांचेही तसेच. तापलेली हवा वर चढते आणि वरून बाहेर पडते. खाली छत लावून झरोके झाकले तर ही हवा कोंडते. छताच्या वर काय चालले आहे, कोणत्या तुळईला ओल आली आहे, हे पुढची पन्नास वर्षे कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

दगड

इमारतीचा दगड म्हणजे दख्खनचा काळा फत्तर, बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर गोठून तो झाला. पुण्यापासून सोलापूरपर्यंत जमिनीखाली हाच खडक आहे. तो घट्ट, जड आणि अत्यंत कठीण. पाणी फारसे पीत नाही, वाऱ्यापावसाने सहसा झिजत नाही. पण कोरायला गेले तर टाकीची धार जाते.

शैलीवर याचा परिणाम थेट झाला. गॉथिक शैलीला पाने-फुले, चेहरे, नाजूक जाळ्या यांची हौस. मुंबईत अशा कोरीवकामासाठी पोरबंदरचा मऊ चुनखडक जहाजाने आणता येई. पुण्यात आणि सोलापुरात स्थानिक फत्तरावरच भागवावे लागे. म्हणून येथील गॉथिक इमारती अंगाने भारदस्त पण नक्षीत हात आखडलेल्या. सौंदर्य आले ते कमानींच्या लयीतून, खोल सावल्यांतून आणि दगडाच्या घडणीतून.

ही घडण जवळून पाहण्यासारखी असते. अशा भिंतीच्या कोपऱ्याला, खिडकीच्या चौकटीला आणि कमानीला घडीव दगड असतो; मधल्या भिंतीला खंडकी, म्हणजे तोंड तेवढे ठाकठीक केलेला आणि मागे निमुळता होत गेलेला दगड. सकाळी ऊन तिरपे असताना घडीव दगडाच्या तोंडावर टाकीचे घाव स्पष्ट दिसतात. कडेने एक बोटभर पट्टी गुळगुळीत केलेली असते आणि मधला भाग बारीक ठोक्यांनी खरखरीत ठेवलेला असतो. पट्टी सरळ असली की सांधा बारीक बसतो. मधला भाग खरखरीत असला की दगडाला जीव येतो आणि श्रमही वाचतात. घावांची तिरकी दिशा सलग काही दगडांवर सारखी असते आणि मग एकदम बदलते, तेथे घडणारा हात बदललेला असतो. विल्किन्स यांचे नाव नोंदीत राहिले. ज्या पाथरवटांनी आणि वडारांनी हे दगड फोडले, वाहिले आणि घडवले त्यांच्या नावांची नोंद कोणी ठेवली नाही. त्यांची सही म्हणायची तर तेवढीच.

सोलापूर भागात वडार समाजातल्या जुन्या कारागिरांना असा दगड नुसता वाजवून पारखता येतो. सुतकीचा ठोका मारल्यावर खणखणीत आवाज आला तर दगड सलग; बद्द आवाज आला तर आत चीर. नव्या दगडाची पारख असो की जुन्या भिंतीची तपासणी, यंत्र आणण्याआधी हा ठोका मारून पाहावा, हे कामावरचे जुने शहाणपण आहे.

चुना

दख्खनच्या पठारावर चुनखडकाच्या खाणी जवळपास नाहीत. तरीही शेकडो वर्षे बांधकाम चुन्यातच झाले, कारण काळ्या मातीत आणि ओढ्यांच्या काठी चुनखडीचे खडे सापडतात. ते वेचून, भट्टीत भाजून, पाण्यात विरवून चुना केला जाई. या खड्यांत थोडी माती मिसळलेली असते, त्यामुळे त्यांचा चुना ओलसर जागीही घट्ट होतो. पूल, विहिरी, तलावांचे बांध आणि इमारतींचे पाये यांसाठी तो उत्तम. विरवलेला चुना आणि वाळू किंवा विटांची सुरखी घाणीत टाकून बैलांकरवी मळली जाई. दगडी चाक गोल चरातून फिरत राही आणि मिश्रण लोण्यासारखे मऊ होई. ठिकठिकाणी त्यात गुळाचे पाणी, हिरड्याचा काढा किंवा बेलफळाचा गर घालण्याचीही पद्धत होती.

चुन्याचा मुख्य गुण त्याच्या मऊपणात आहे. भिंत ऋतूंबरोबर किंचित हलते. चुना ती हालचाल सोसतो. पावसात भिंतीत थोडे पाणी शिरतेच; दरजेतून, म्हणजे दगडांच्या सांध्यात भरलेल्या चुन्यातून, ते पाऊस सरल्यावर वाफ होऊन निघून जाते. दगड पाणी पीत नसल्याने भिंतीला सुकण्याची वाट दरजेतूनच असते. ही वाट बंद करणे म्हणजे भिंतीला आजारी पाडणे.

सोलापूरच्या दुरुस्तीकामात सर्वांत जास्त वेळा दिसणारा दोष हाच आहे. चुना जरा भुसभुशीत झालेला दिसला की तो खरवडून त्या जागी सिमेंटची दरज भरतात. वर्ष-दोन वर्षे भिंत नवी कोरी दिसते. पण सिमेंट पाणी बाहेर सोडत नाही. अडकलेले पाणी आत वळते, आतल्या गिलाव्यावर पांढरा खार फुटतो, गिलावा पोपडे धरून पडतो. त्याहून वाईट म्हणजे भिंतीत रोवलेली तुळयांची टोके सतत ओली राहून कुजतात. सिमेंटच्या दरजेला दगडापासून केसाएवढी फट पडते, त्या फटीतून पुढच्या पावसात पाणी आत जाते, पण बाहेर येत नाही. मालकाची तक्रार असते की, भिंत आधी एवढी ओली नव्हती. तक्रार बरोबर असते. ओल दुरुस्तीनंतर आलेली असते.

उपाय खर्चिक नाही, वेळखाऊ आहे. सिमेंटची दरज हातोडी-छिन्नीने हळूहळू काढायची. यंत्राने काढली तर दगडाच्या कडा फुटतात. सांधा धुऊन, ओला ठेवून चुन्याने भरायचा आणि पुढे कित्येक दिवस गोणपाटाने झाकून पाणी मारायचे. सोलापूरच्या उन्हात हे पाणी मारणे चुकले तर चुना जमण्याआधीच वाळतो आणि चिमटीत चुरा होतो. म्हणून येथे चुन्याचे काम मेमध्ये काढू नये. पावसाळा सरल्यावर, दसऱ्यानंतर काढावे.

लाकूड, छप्पर आणि पाणी

सोलापूरच्या जुन्या घराचे छप्पर म्हणजे माळवद: सागाच्या किंवा बाभळीच्या तुळया, त्यांवर किलच, त्यावर पाला आणि वर मातीचा जाड थर. पाऊस बेताचा असल्याने सपाट छप्पर चालते. दर वर्षी मृगाआधी त्यावर खारी माती पसरली की गळती थांबते. व्हिक्टोरियन इमारतीचे छप्पर याच्या उलट: उंच लाकडी कैच्या, वासे, रिपा आणि वर कौले. ते उतरते असल्याने पाणी साठत नाही, पण सगळे पाणी एका ठिकाणी, दोन उतारांच्या खोबणीत आणि कडेच्या पन्हळीत येते. अशा इमारतींचे पावसाळी दुखणे बहुधा या दोन जागीच असते.

पन्हळीत पाने, कबुतरांची घरटी आणि धूळ साचते. तुंबलेले पाणी भिंतीच्या माथ्यावरून आत उतरते. त्याच मातीत पिंपळाचे बी रुजते. पिंपळाचे रोप नुसते उपटले तर वरचे पान जाते आणि मूळ सांध्यात राहते. पुढच्या वर्षी ते दुप्पट जोमाने फुटते आणि सांधा उचकटत जाते. मूळ शेवटापर्यंत शोधून, गरज पडल्यास दोन-चार दगड सोडवून काढावे लागते आणि दगड पुन्हा चुन्यात बसवावे लागतात.

लाकडाची तपासणी हातानेच होते. तुळईचे मधले अंग बहुधा ठणठणीत असते. पाहायचे ते भिंतीत गेलेले टोक. हातोडीचा ठोका पोकळ वाजला किंवा पेचकस सहज आत गेला की तेवढा भाग कुजलेला. अशा वेळी सगळी तुळई काढून लोखंडी गर्डर घालण्याची घाई होते. जुना साग पुन्हा मिळत नाही. कुजलेले टोक कापून तेथे जुन्याच लाकडाचा तुकडा सांधणे बहुधा पुरते. आणि गळती शोधायची तर ती पाऊस पडत असताना, छत्री घेऊन, माळ्यावर जाऊन शोधावी लागते. कोरड्या दिवशी दिसतो तो डाग. पाण्याची वाट पावसातच दिसते.

मोजणी

दुरुस्तीआधी मोजणी होते, आणि या कामाचा सर्वांत मोठा भाग तोच आहे. टेप, ओळंबा, गुण्या, पाणसळ आणि वही एवढ्या साधनांवर ते चालते. आता लेसरची यंत्रे आली, पण यंत्र अंतर सांगते, भिंतीची अवस्था सांगत नाही.

नव्या माणसाला पहिला धक्का बसतो तो आकड्यांचा. खोली ४.२७ मीटर रुंद, खांबांमधले अंतर ३.६६ मीटर, आकडे विचित्र वाटतात. फुटांत मांडले की ४.२७ म्हणजे १४ फूट आणि ३.६६ म्हणजे १२ फूट. इमारत ज्या मापाने बांधली त्याच मापाने ती वाचता येते. मग एखादे माप फुटांतही बसले नाही, तर तेथे नंतरचा बदल झालेला असण्याची शक्यता धरायची: बुजवलेले दार, वाढवलेली भिंत किंवा मागाहून जोडलेली खोली. दुसरा नियम कर्णांचा. खोलीच्या चारही बाजू मोजून भागत नाही. दोन्ही कर्ण मोजल्याशिवाय ती काटकोनात आहे की नाही कळत नाही. काटकोनात नसेल तर ती मुळातच तशी बांधली की पाया सरकल्याने तशी झाली, हा पुढचा प्रश्न.

भेगांसाठी जुनी युक्ती अजून चालते. भेगेवर प्लास्टरच्या दोन ठिपक्यांत काचेची पट्टी बसवायची आणि शेजारी तारीख लिहायची. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्यायचा. काच फुटली तर भेग जिवंत आहे, पाया तपासायला हवा. काच शाबूत राहिली तर ती भेग जुनी आहे आणि चुना भरला की पुरे. अनेक इमारतींत पाडकामाची शिफारस अशा जुन्या, मेलेल्या भेगांच्या भीतीने झालेली असते. वर्षभर थांबण्याची तयारी असेल तर तो खर्च वाचतो.

१९३४ आणि त्यानंतर

इमारत जशी पाण्याने धोक्यात येते तशी वापर थांबल्यानेही येते. १९३४ साली सरकारने डेक्कन कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली, आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी संस्था पदव्युत्तर शिक्षण व संशोधनाचे केंद्र म्हणून पुन्हा सुरू झाली. पदवीचे वर्ग गेले. त्यांची जागा भाषाशास्त्र, पुरातत्त्व, इतिहास आणि समाजशास्त्र यांनी घेतली. हसमुख सांकलिया यांनी येथून महाराष्ट्राच्या ताम्रपाषाणयुगाचा शोध घेतला, इरावती कर्वे यांनी समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्राचे काम केले. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ साली ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या संस्कृत महाकोशाचा प्रकल्प हाती घेतला. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. १९९० साली संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

इमारतीच्या दृष्टीने यातला महत्त्वाचा मुद्दा असा की, तिचा वापर बदलला पण तुटला नाही. ज्या इमारतीत रोज माणसे येतात, तेथे गळकी पन्हळ दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी नजरेला येते. कुलूप लावलेल्या इमारतीत ती पाच वर्षांनी छत कोसळल्यावर कळते. सोलापुरात जुन्या गिरणीचे नाव आज परिसराला चिकटून राहिले आहे, गिरणी नाही. इंद्रभुवनमध्ये मात्र कचेरी चालू राहिली, आणि म्हणून वाडाही राहिला. कोणत्याही जुन्या इमारतीला पहिला उपचार दुरुस्तीचा नसून वापराचा आहे.

सोलापूरच्या मालकांसाठी

सोलापूरच्या पेठांत अजून अनेक दगडी वाडे, शाळा आणि कचेऱ्या उभ्या आहेत. त्यांची देखभाल करणाऱ्यांनी एवढ्या गोष्टी पाळाव्यात. पहिली: दुरुस्ती काढण्याआधी इमारतीची मोजणी करून नकाशा आणि फोटो जपून ठेवावेत; काय बदलले हे पुढच्या माणसाला कळावे. दुसरी: दगडी भिंतीच्या दरजांत सिमेंट भरू नये, दगडावर ऑइलपेंट लावू नये. तिसरी: पन्हळी मेअखेर साफ कराव्यात आणि पिंपळाचे रोप बोटभर असतानाच मुळासकट काढावे. चौथी: व्हरांडे आणि झरोके बंद करू नयेत. पाचवी: चुन्याचे काम येणारा कारागीर मिळाला तर त्याच्या हाताखाली एक तरुण मुलगा ठेवावा, कारण असे कारागीर आता कमी होत आहेत.

यांतल्या कोणत्याही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. ज्या इमारतींकडे दर वर्षी पावसाळ्याआधी असे लक्ष दिले जाते, त्यांना मोठ्या दुरुस्तीची वेळ क्वचितच येते.